निरोप कोणी आत नेला?

मे २०२५ मधली ती रात्र. रोममध्ये नव्या पोपची निवड झाली आणि चिमणीतून पांढरा धूर निघाला. आमच्या वाशीमच्या घरी दूरदर्शन संचासमोर शेजारचे काका बसले होते. ते हसून म्हणाले, "मास्तर, हे सारं आंधीच ठरलेलं राह्यते!"

काकांचे बोलणे अगदीच निराधार नव्हते. पोप निवडणाऱ्या कार्डिनलांना कुलुपात कोंडतात ते बाहेरचा वारा लागू नये म्हणून. पण वारा आत शिरतच असे. १५९० साली स्पेनच्या राजाच्या वकिलाने चालतील अशा अवघ्या सात जणांची यादी पुढे केली होती. फ्रान्स, स्पेन आणि ऑस्ट्रिया यांच्या राजांना एखादे नाव सरळ नाकारण्याची सवयच होती. याचा शेवटचा प्रयोग १९०३ चा. रामपोला नावाचे कार्डिनल निवडून येण्याची चिन्हे होती. तेवढ्यात ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा नकार वाचून दाखवला गेला. रामपोला मागे पडले आणि सार्तो पोप झाले.

आपण सम्राटाला नावे ठेवतो. मला मात्र तो नकार वाचणारा माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो. ते होते क्राकोचे कार्डिनल पुझिना, म्हणजे निवडणाऱ्यांपैकीच एक! सम्राट रोमपासून दूर होता. कुलूपबंद दालनात त्याचा शब्द नेला तो घरच्याच माणसाने.

आपल्याकडचा इतिहास तरी काय वेगळा आहे? वाशीमचे बालाजी मंदिर बांधणारा भवानी काळू ज्या नागपूरकर भोसल्यांचा सरदार, त्यांच्याच घराची गोष्ट घ्या. १७७२ मध्ये जानोजी निपुत्रिक वारले. पुतण्या रघूजी दत्तक ठरला होता, पण सेनासाहेब सुभा कोण, यावरून त्याचे वडील मुधोजी आणि चुलते साबाजी यांच्यात जुंपली. पुण्याचे कारभारी साबाजींच्या बाजूचे, तर राघोबादादा मुधोजींच्या. पुणेकरांचा शब्द नागपूरच्या गादीवर चालला, कारण दोघे भाऊ तो मिळवायला धावत होते. शेवटी जानेवारी १७७५ मध्ये पाचगावला लढाई झाली आणि साबाजी मारले गेले. भावाभावांचा निकाल असा लागला.

रोममध्ये निदान पुढे एक गोष्ट घडली. ज्या सार्तोंचा त्या नकारामुळे फायदा झाला, त्यांनीच पोप झाल्यावर १९०४ मध्ये अशा नकारावर बंदी घातली. फायदा झालेल्या माणसाने आपल्यामागे दार लावून घ्यावे, हे मला फार दुर्मीळ वाटते.

हे सगळे एवढ्या आवेशाने लिहितो आहे त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका लहानशा देवस्थानच्या समितीत अध्यक्ष निवडायचा होता. आम्ही सात सभासद होतो. ज्यांनी पंचवीस वर्षे हिशेब सांभाळला त्यांचेच नाव सर्वांच्या तोंडी होते. आदल्या रात्री मुंबईहून एका वजनदार माणसाचा फोन आला. तो माणूस कधी आमच्या मंदिरात आलाही नव्हता. पण त्याचा निरोप बैठकीत नेला तो मीच! "वरून असे म्हणणे आहे," एवढेच बोललो. कोणी विरोध केला नाही आणि दहा मिनिटांत बैठक आटोपली.

ते हिशेबवाले गृहस्थ आजही संध्याकाळी बालाजीच्या पायरीवर भेटतात, प्रकृती विचारतात. निरोप कोणी आणला हे त्यांनी कधी विचारले नाही, आणि मी अजून सांगितलेले नाही.