विश्लेषण : मॉडेल रेल्वे ‘डिजिटल’ करताय? आधी इंजिन नको, वायरी बघा!

चार बाय आठ फुटांची प्लायवूडची फळी, तिच्यावर रुळांची दोन वर्तुळे, छोटेसे यार्ड, तीन-चार इंजिने आणि कडेला टॉगल स्विचची रांग. मॉडेल रेल्वेचा छंद असलेल्या घरात हे दृश्य ठरलेले. पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयातून बाहेर पडताना अनेकांना ‘आपणही घरी असे करावे’ असे वाटते आणि त्यातले काही जण खरेच करतात. काही वर्षांनी पुढचा प्रश्न येतो, हा लेआउट ‘डीसीसी’वर म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोलवर न्यायचा का? सुरुवात बहुधा इंजिनात चिप बसवण्यापासून होते आणि घोळही तिथूनच सुरू होतो.

जुन्या पद्धतीत अडचण काय?

जुन्या म्हणजे अॅनालॉग पद्धतीत रुळांमध्ये शून्य ते साधारण १२ व्होल्टचा डीसी प्रवाह सोडतात. व्होल्टेज वाढवले की वेग वाढतो, धन-ऋण उलटे केले की गाडी मागे जाते. एक गाडी असेल तोवर हे झकास चालते. त्याच रुळावर दुसरे इंजिन ठेवले की तेही पळू लागते, कारण हुकूम रुळाला दिलेला असतो. त्यावर उपाय म्हणून लेआउटचे विजेच्या दृष्टीने वेगळे तुकडे, म्हणजे ब्लॉक करतात आणि प्रत्येक ब्लॉकला एक स्विच लावतात. गाडी पुढे सरकेल तसे स्विच टाकत बसायचे. निम्मे लक्ष गाडीवर, निम्मे पॅनेलवर.

डीसीसीत नेमके काय बदलते?

भारतीय रेल्वेच्या विद्युत मार्गावर २५ हजार व्होल्टची तार कायम जिवंत असते आणि वेग इंजिनात बसलेला लोको पायलट ठरवतो. डीसीसीत असेच होते. एचओ म्हणजे १:८७ या प्रमाणातल्या लेआउटवर रुळांत सतत १४-१५ व्होल्ट असतात, इंजिने उभी असली तरीही. या विजेची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटते आणि किती वेळाने उलटली, यातच संदेश असतो. ५८ मायक्रोसेकंदांचा अर्धा ठोका म्हणजे १, शंभर किंवा त्याहून जास्त मायक्रोसेकंदांचा म्हणजे ०. त्यातून इंजिनाचा पत्ता, हुकूम आणि चूक तपासण्याचा एक बाइट जातो. इंजिनातला नखाएवढा डीकोडर आपला पत्ता ऐकला तरच हलतो. त्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिने समोरासमोर आणून थांबवता येतात किंवा एक जोडून दुसरे सोडवता येते. ती धडकवताही येतात, हेही खरे!

तयारी कुठून करावी?

फळीच्या खालून. अॅनालॉग लेआउटवर बारीक वायरी आणि रुळांचे सैल जोड खपून जातात, कारण वीज थोडी कमी पोहोचली तर गाडी जरा हळू चालते, इतकेच. डीसीसीत त्याच तारेतून संदेशही जातो. म्हणून लेआउटच्या खाली घराच्या वायरिंगला वापरतात तसली अडीच चौरस मिलिमीटरची जाड जोडी फिरवावी आणि दर तीन-चार फुटांवर तिच्यातून पातळ तारा काढून रुळांना डाग द्यावा. रुळांच्या जोडपट्ट्यांवर विसंबू नये.

हा खटाटोप सुरक्षिततेसाठीही आहे. पाच अँपिअरचे कमांड स्टेशन १५ व्होल्टवर ७५ वॅट देऊ शकते. टेबलावरच्या साध्या सोल्डरिंग आयर्नची ताकद २५ वॅट असते. चाक रुळावरून घसरून शॉर्ट झाले आणि तारांच्या विरोधामुळे कमांड स्टेशनला तो शॉर्ट ओळखताच आला नाही, तर ही सगळी उष्णता त्या चाकापाशी साचते आणि प्लॅस्टिकची बोगी वितळते. चाचणी सोपी आहे. एक रुपयाचे नाणे दोन रुळांवर टेकवत संपूर्ण लेआउट फिरायचे. प्रत्येक ठिकाणी कमांड स्टेशनने तत्काळ वीज तोडली पाहिजे. एका जागी जरी तोडली नाही, तरी तिथे आधी तार वाढवा आणि इंजिनाची खरेदी पुढे ढकला. फिरून त्याच मार्गाला उलट्या दिशेने मिळणारा लूप असेल, तर तिथे एक रूळ दुसऱ्याला भिडून शॉर्ट होतोच. त्यासाठी तो भाग दोन्ही टोकांना तोडून ऑटो-रिव्हर्सर लावावा लागतो.

जुने ब्लॉक उपटून फेकण्याची गरज नाही. सगळे स्विच एकाच बाजूला टाकून तिथे कमांड स्टेशन जोडले की लेआउट डिजिटल होतो आणि पुढे बिघाड शोधताना ते ब्लॉक उपयोगीच पडतात. मात्र अर्धा लेआउट अॅनालॉग, अर्धा डीसीसी हा मोह टाळलेला बरा. इंजिनाची पुढची चाके एका भागात आणि मागची दुसऱ्या भागात असताना दोन्ही पुरवठे एकमेकांना जोडले जातात आणि त्यात महागाचे उपकरण जाऊ शकते. जुना पॉवरपॅक कपाटात ठेवून द्यावा. डीकोडर नसलेले इंजिनही डीसीसी रुळावर उभे करू नये, मोटार गुणगुणत तापते.

सगळी इंजिने बदलावीत का?

नाही. ज्यात आठ पिनांचे सॉकेट आहे, त्यात डीकोडर दहा मिनिटांत बसतो. जुन्या इंजिनात मोटारीचा एक ब्रश धातूच्या सांगाड्यालाच जोडलेला असतो. तो पूर्ण वेगळा न करता डीकोडर लावला, तर रुळाची वीज उलट्या बाजूने घुसून डीकोडर पहिल्याच सेकंदाला जळतो. मल्टिमीटरने ब्रश आणि चाक यांच्यात जोड दाखवला, तर पुढे जाऊ नये. अडकलेली मोटार किती प्रवाह ओढते, तेही मोजावे. डीकोडरच्या क्षमतेपेक्षा तो जास्त असेल, तर ते इंजिन शोकेसमध्येच शोभते. भारतात बहुतेक डीकोडर बाहेरून मागवावे लागतात, प्रयोगापोटी ते जाळणे परवडत नाही. आणि एकच वर्तुळ, एकच गाडी असेल, तर हा सगळा खर्चच कशाला?

कोणत्या कंपनीची यंत्रणा?

इथे डीसीसीची खरी ताकद दिसते. तिचा पाया जर्मनीतल्या लेंझ कंपनीने घातला, पण १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने तिला खुल्या मानकाचे रूप दिले. त्यामुळे एका कंपनीचे कमांड स्टेशन दुसऱ्या कंपनीचा डीकोडर चालवते. आर्डुइनो मेगा आणि मोटर शील्डवर चालणारे ‘डीसीसी-ईएक्स’ तर पूर्ण मुक्तस्रोत आहे. त्याचे सुटे भाग लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत मिळतात, दोन-तीन गाड्यांना ते पुरते आणि मोबाइलच कंट्रोलर होतो. सुरुवात यानेच करावी.

हा खुलेपणा आपोआप टिकलेला नाही. ‘जेएमआरआय’ या मोफत रेल्वे सॉफ्टवेअरचे प्रमुख, बर्कलीतले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट जेकबसन यांना मॅथ्यू कॅट्झर यांच्या कंपनीने पेटंटच्या नावाखाली दोन लाख डॉलरहून अधिक रकमेचे बिल पाठवले. जेकबसन २००६ मध्ये न्यायालयात गेले. वादात पुढे हेही आले की जेएमआरआयच्या डीकोडर फाइल्स कॅट्झर यांच्या सॉफ्टवेअरमध्ये श्रेयाविना वापरल्या गेल्या होत्या. १३ ऑगस्ट २००८ रोजी अमेरिकेतल्या फेडरल सर्किट न्यायालयाने मुक्त परवान्याच्या अटी मोडणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, असे स्पष्ट केले. २०१० मध्ये तडजोड होऊन जेकबसन यांना एक लाख डॉलर द्यायचे ठरले. खेळण्यातल्या गाड्यांवरून सुरू झालेला हा निकाल आज सॉफ्टवेअर कायद्याच्या वर्गात शिकवला जातो.

इंजिन पहिल्यांदा चालवताना काय होते?

नव्या डीकोडरचा पत्ता कारखान्यातून ‘३’ असाच येतो. दोन नवी इंजिने एकदम रुळावर ठेवली, तर ३ नंबरला हुकूम देताच दोन्ही जोडीने निघतात, थेट अॅनालॉगच्या दिवसांसारखी. त्यामुळे एकेक इंजिन वेगळ्या प्रोग्रॅमिंग रुळावर घ्यायचे आणि त्याच्या अंगावर रंगवलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक त्याचा पत्ता म्हणून भरायचे. पत्त्यांची मर्यादा १०,२३९ आहे.