मशीनची धडधड आणि शेजाऱ्याची झोप

चाळीसगाव हे रेल्वेचे जंक्शन. शेजारी रात्रपाळी करून आलेला भाऊ दुपारी झोपलेला असतो आणि मधली भिंत एकच. अशा वेळी कपडे पिळताना आपले वॉशिंग मशीन धडधडू लागले, की त्याची झोप मोडते. मेकॅनिकला पैसे देण्याआधी पुढील गोष्टी पाहाव्यात.

न्हाणीघराजवळची फरशी उतरती असते. मशीनचे कोपरे दाबून पाहावेत. डुगडुगत असेल, तर पायाचा स्क्रू फिरवून चारही पाय टेकवावेत व नट आवळावा. खाली विटा किंवा पाट ठेवू नये.

पुढून दार असलेले मशीन नवे असेल, तर वाहतुकीसाठी मागे लावलेले बोल्ट काढले आहेत ना, याची खात्री करावी. ते तसेच ठेवल्यास मशीन बिघडते. काढलेले बोल्ट जपून ठेवावेत, घर बदलताना लागतात.

एकटी जाड चादर पिळायला टाकली, की ती एका बाजूला गोळा होते. टब मिनिटाला शेकडो फेरे घेतो, तेव्हा सारा ओढा त्याच बाजूला पडतो. म्हणून लहानमोठे कपडे मिळून सारखे पसरावेत. दोन टबांच्या मशीनमध्ये कपड्यांवर प्लॅस्टिकची चकती दाबून बसवावी.

वायर मशीनला घासून सोलली तर ओल्या फरशीवर जिवाशी गाठ! टब पूर्ण थांबल्यावर, पिन काढूनच हात घालावा.

एवढे करूनही धडधड थांबली नाही, तर मात्र आतली स्प्रिंग तपासून घ्यावी. कष्टाच्या पैशांची वस्तू टिकेल आणि शेजारही.