खंडेनवमीचा झेंडू आणि अडकलेली पुंगळी

सातारा आणि सांगली हे जिल्हे सैनिकांचे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. देशातील पहिली सैनिक शाळा 1961 साली साताऱ्यातच उभी राहिली. अशा प्रदेशात खंडेनवमीला शस्त्रपूजन होते, यात नवल ते काय? नवल याचे, की बंदुकीला हळद-कुंकू वाहणाऱ्यांपैकी फारच थोडे जण तिचे चेंबर उघडून पाहतात.

एकबारी रायफलीत पुंगळी अडकणे ही क्षुल्लक तक्रार नव्हे. बार उडताच पितळी पुंगळी क्षणभर फुगते, चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच ती किंचित आकसते, म्हणूनच एक्स्ट्रॅक्टरचा आकडा तिला बाहेर ओढू शकतो. भिंतीवर गंजाचे खड्डे किंवा जुन्या दारूची काजळी असेल, तर आकसूनही ती सुटत नाही. कोयना-चांदोलीच्या पावसात गंज चढायला फार दिवस लागत नाहीत, आणि नळी चकचकीत ठेवणारा शिपाईही पुष्कळदा चेंबर विसरतो. काडतुसाला तेल चोपडणे हा तर उपायाच्या नावाखाली अपायच. भिंतीवरची पकड सुटून सारा धक्का ब्रीचवर येतो.

बार उडालाच नसेल, तर काडतूस जिवंत समजून नळी सुरक्षित दिशेला धरून थांबावे. आतली पुंगळी रिकामीच आहे अशी खात्री झाल्यावरच तोंडाकडून गज घालून ती हलकेच मागे ढकलावी. पुन्हा अडकली, तर शस्त्र आर्मररकडे जावे. चेंबर घरी खरवडण्याचा उद्योग नको; एकदा मोठे झालेले चेंबर पुन्हा लहान होत नाही.

परंतु दोष नेहमी शिपायाचाच असतो काय? 1871 मध्ये इंग्रजांनी स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्रीची पुंगळी पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली होती. 1885 साली सुदानमधील अबू क्लेआच्या लढाईत धूळ आणि उष्णतेने त्या पुंगळ्या आतच अडकल्या, ऐन हातघाईत. पुढे एकसंध ओढीव पितळेची पुंगळी आली, लांब तरफ आली आणि तक्रार ओसरली. म्हणजे दुरुस्ती कारखान्यात झाली, शिपायाच्या माथी खापर फोडून नव्हे.

हिंदी सैनिकाच्या वाट्याला मात्र ती मार्टिनीही उशिराच आली. 1857 नंतर त्याला गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी जुने शस्त्र द्यायचे, हे धोरणच होते. 1880 च्या मैवंदच्या लढाईत गोऱ्यांकडे मार्टिनी, तर मुंबई लष्कराच्या हिंदी पलटणींकडे जुनी स्नायडर होती. पोलिसांसाठी तर इशापूरला ली-एनफिल्डची मुद्दाम .410 ची गुळगुळीत नळीची, एकबारी मस्केट करण्यात आली. लुटली गेली तरी सैन्याचे काडतूस तिच्यात चालू नये! 24 जुलै 1943 रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी पहारेकऱ्यांची शस्त्रे हिसकावून सांगलीच्या तुरुंगातून निसटले, तेव्हा ही धास्ती निराधार नव्हती हे दिसलेच.

परक्या सत्तेचा अविश्वास समजू शकतो. स्वराज्यात पोलिसाच्या हाती तेच जुनाट शस्त्र दशकानुदशके राहावे, याला काय म्हणावे? 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री साताऱ्याच्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे केवळ लाठीनिशी एके-47 ला भिडले. त्यांच्या बलिदानाचे गुणगान करताना त्या लाठीची लाज वाटायला हवी. कारगिलच्या थंडीत 1999 मध्ये आपल्याच इन्सासची मॅगझिने तडकली, हेही विसरता येत नाही; स्वदेशी असणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे, आणि जो स्वदेशीचा आग्रह धरतो त्यानेच तिची कठोर परीक्षा घ्यावी. 1869 पासून काडतुसे घडविणारा खडकीचा कारखाना 2021 पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. अडकलेल्या प्रत्येक पुंगळीची नोंद, काडतुसाच्या तुकडीच्या क्रमांकासह, तिथवर पोहोचली पाहिजे. आज जी नोंद होते ती बहुधा शिपायाच्या सेवापुस्तकात.

येत्या खंडेनवमीला सातारा आणि सांगलीच्या पोलीस मुख्यालयांत पूजा होईल. त्या वेळी आर्मररने प्रत्येक शस्त्राचे चेंबर उघडून अधीक्षकांना दाखवावे. झेंडूचा हार त्यानंतर.