फॉरमॅटच्या आधी घड्याळ लावा

संगणक सुरू व्हायला वेळ लागला की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी आपल्या दारात असते. बंद व्हायला वेळ लागला तर मात्र ते येत नाही. संध्याकाळी दुकान वाढवायची घाई असते, पडद्यावर 'शटिंग डाऊन'चे चक्र गरगरत असते. माणूस थोडा वेळ वाट बघतो, मग पुढचे बटण चार सेकंद दाबून धरतो किंवा सरळ भिंतीवरचा स्विच पाडून घरी जातो. असे महिनोन्महिने चालते. आपल्याकडे मशीन येते तेव्हा तक्रार भलतीच असते. टॅलीचा डेटा उघडत नाही, निळा पडदा येतो, डिस्क टकटक करते. आपण काय करतो? बॅकअप घेतो, फॉरमॅट मारतो, पैसे घेतो. रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

या महिन्याचा विषय चिंचणीहून आला. डहाणू तालुक्याच्या दक्षिण टोकाचे हे किनाऱ्यावरचे गाव, तारापूरला लागून. रेल्वेने जायचे तर वाणगावला उतरावे लागते. चिंचणी आणि आसपासच्या गावांत डाय बनवण्याचा धंदा घरोघरी चालतो. सोन्याचांदीच्या दागिन्यांची नक्षी ज्या पोलादी ठशांवर उठवतात, ते ठसे इथे कोरले जातात. मूळ काम छिन्नी-हातोडीचे. पण काहींनी घरातल्या खोलीत छोटे कोरकाम-यंत्रही बसवले आहे, आणि त्या यंत्राशेजारी हमखास एक जुना पीसी असतो.

हा पीसी जुना का, हे बाहेरच्याला कळत नाही. 'नवीन घ्या की' असे सांगून आपण मोकळे होतो. पण हे यंत्र पॅरलल पोर्टवर चालणाऱ्या माक-थ्री या सॉफ्टवेअरवर असेल, तर त्याचा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर ३२-बिट विंडोजवरच चालतो. कोरकामाची डिझाइन बहुधा आर्टकॅमची असते, आणि आर्टकॅमची विक्री ऑटोडेस्कने २०१८ मध्ये थांबवली. लायसन्स डोंगलमध्ये अडकलेले. म्हणजे मदरबोर्ड गेला तर नुसता संगणक जात नाही, त्या घराचे काम थांबते. अशा मशीनवर उठसूट फॉरमॅट मारणे हा बेजबाबदारपणा आहे, हे मी स्पष्ट लिहितो. कुणाला लागले तर लागू दे.

तिथल्या एका व्यावसायिक मित्राने कळवलेली केस अशी. कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम, १६० जीबीची साटा डिस्क, विंडोज ७ ३२-बिट. दिवसभर काम ठीक, पण बंद व्हायला सहा मिनिटांच्या आसपास. आधीच्या कारागिराने फॉरमॅट मारला होता. काही आठवडे बरे गेले, मग पुन्हा तेच. आमच्या मित्राने पहिल्यांदा मोबाइलचे स्टॉपवॉच लावले आणि पडद्याकडे बघत बसला. 'लॉगिंग ऑफ' पटकन गेले. 'शटिंग डाऊन'वर मशीन अडकले, आणि तेवढा वेळ डिस्कचा लाल दिवा ठाम पेटलेला. या दोन गोष्टी कळायला पैसे लागत नाहीत आणि निम्मे निदान तिथेच होते.

कुठे अडकले ते बघायची सवय लावून घ्या. लॉगऑफला अडकले तर वापरकर्त्याच्या प्रोफाइलला कुणीतरी धरून ठेवले आहे. एक्सपीवर इव्हेंट १५१७ आणि विंडोज ७ वर १५३० हे याचे ठसे. एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टने यूपीएच-क्लीन नावाची सेवाच काढली होती, ती आजही एखाद्या जुन्या मशीनवर कामाला येते. 'शटिंग डाऊन'वर अडकले तर सेवा, ड्रायव्हर किंवा डिस्क. पडदा काळा झाला, डिस्कचा दिवा विझला, तरी पंखा फिरतोय, तर मामला बायोसचा, पॉवरचा किंवा यूएसबीला लटकलेल्या एखाद्या उपकरणाचा. अशा वेळी सगळ्या वायरी काढून एकदा बंद करून बघा. सेवा केंद्रांतल्या मशीनवर बोटांचे ठसे घेणारे यंत्र आणि त्याची आरडी सर्व्हिस सतत चालू असते, तिकडेही लक्ष असू द्या.

पुढे मित्राने इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोज ७ आणि नंतरच्या आवृत्त्यांत 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स' नावाची नोंदवही असते. आपल्यातले किती जण ती उघडतात? इव्हेंट २०० मध्ये बंद व्हायला किती मिलिसेकंद लागले ते मिळते. २०१ उशीर करणाऱ्या प्रोग्रामचे नाव सांगतो, २०२ उपकरणाचे, २०३ सेवेचे. तारखाही असतात, त्यामुळे दुखणे कधी सुरू झाले हे गिऱ्हाईकाच्या आठवणीवर सोडावे लागत नाही. इथे २०३ ने बोट दाखवले अँटिव्हायरसच्या सेवेकडे.

दहांतले नऊ जण इथे अँटिव्हायरस उडवून बिल फाडतील. मित्राने सिस्टिमची नोंदवहीही चाळली, तिथे 'डिस्क', इव्हेंट ७, म्हणजे खराब ब्लॉक. स्मार्टमध्ये १९७ क्रमांकाचा आकडा, पेंडिंग सेक्टर, शून्य नव्हता. अँटिव्हायरस बंद होताना आपली नोंद लिहायला जात होता आणि डिस्क त्या जागेवर पुन्हा पुन्हा धडपडत होती. नोंदवही सांगते वाट कुठे बघितली गेली. का बघितली गेली हे ती सांगत नाही, ते शोधणे आपले काम. फॉरमॅटनंतर काही आठवडे बरे का गेले, हेही यात आले. नव्याने लिहिलेल्या फाइली चांगल्या जागी पडल्या आणि हळूहळू डिस्क भरत पुन्हा त्याच खड्ड्यात गेल्या.

कॅबिनेट उघडल्यावर साटा पॉवरच्या पिनांवर हिरवट थर होता. किनाऱ्यावर काम करणाऱ्यांना हे सांगायला नको. खारा वारा आणि पावसाळ्यातली दमट हवा पंखा आत ओढतो, त्यात यंत्राशेजारची धूळ मिसळते. नुसता ब्रश फिरवून भागत नाही. कनेक्टर काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळवून पुन्हा बसवा, आणि केबल बदलायची कंजुषी करू नका. स्मार्टमधला १९९ क्रमांकाचा सीआरसी त्रुटींचा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कच्या तबकडीत नसून केबलमध्ये किंवा तिच्या जोडात असतो. जुन्या आयडीई मशीनवर याचा दुष्परिणाम आणखी वाईट. एक्सपीला अशा सहा चुका दिसल्या की तो डिस्कला डीएमएवरून पीआयओवर उतरवतो आणि आपणहून परत वर चढवत नाही. मग सगळेच रांगते, बंद होणेही.

पेंडिंग सेक्टर दिसला की अनेकांचा हात थेट चेकडिस्ककडे जातो. थांबा. मरायला टेकलेल्या डिस्कवर 'चेकडिस्क स्लॅश आर' चालवणे म्हणजे तिला अखेरची धाव घ्यायला लावणे. आधी डीडीरेस्क्यूने पूर्ण प्रतिमा काढा, मग काय ते करा. डायच्या डिझाइन फाइली दुसरीकडे कुठेच नसतात, हे गृहीत धरून चाला. आणि डिस्क बदलण्यापूर्वी कुठले सॉफ्टवेअर डिस्कच्या सिरियल क्रमांकाशी बांधलेले आहे का ते विचारा. नाहीतर नवी एसएसडी बसेल आणि लायसन्स बसणार नाही.

एसएसडी घालणार असाल तर एक्सपीचे विभाजन जसेच्या तसे उचलू नका. ते ६३व्या सेक्टरपासून सुरू होते, एसएसडीला ते मानवत नाही. शिवाय एक्सपीला ट्रिम ठाऊक नाही. विंडोज ७ ला दोन्ही जमते.

आता मला ज्याचा राग आहे ते लिहितो. बंद होण्याचा वेळ कमी करायची एक रजिस्ट्रीची युक्ती आपल्या धंद्यात तोंडोतोंडी फिरते. 'वेट-टू-किल-सर्व्हिस-टाइमआउट' हा आकडा खाली आणायचा, 'ऑटो-एंड-टास्क्स' एक करायचे, की मशीन झटक्यात बंद. गिऱ्हाईक खूश. सेवांना आवरायला विंडोज किती वेळ देते, हा तो आकडा. एक्सपीत तो २० सेकंद होता, विंडोज ७ मध्ये १२, विंडोज ८ पासून ५. मायक्रोसॉफ्टने स्वतःच तो कमी करत आणला आहे. तो आणखी एक-दोन सेकंदांवर आणणे म्हणजे चाललेले लिखाण मध्येच तोडायची परवानगी देणे. एसक्यूएल सर्व्हरसारखा डेटाबेस आपल्या लॉगवरून सावरतो, त्याची फारशी काळजी नाही. पण पतपेढ्यांत आणि दुकानांत फॉक्सप्रोवर लिहिलेले जुने प्रोग्राम अजून चालतात. 'ऑटो-एंड-टास्क्स'ने असा उघडा प्रोग्राम न विचारता मारला गेला, की त्यांच्या डीबीएफ फाइलींना कुणी वाली नसतो, इंडेक्स एकदा फाटला की मार्चअखेरीस रडारड. एनटीएफएसची जर्नल फाइल प्रणालीची मांडणी वाचवते, तुमच्या फाइलीतला मजकूर नव्हे. या युक्तीने दुखणे बरे होत नाही, फक्त दिसेनासे होते. मी तिला दुरुस्ती म्हणत नाही.

याउलट काही ठिकाणी उशीर मुद्दाम लावलेला असतो. ऑडिटच्या सूचनेवरून कुणीतरी बंद होताना पेजफाइल पुसायची धोरण-सेटिंग चालू करून ठेवतो आणि विसरतो. चार जीबीची पेजफाइल, सेकंदाला ४० एमबी लिहिणारी जुनी डिस्क, म्हणजे शंभरेक सेकंद नुसती शून्ये लिहिण्यात. कारण कळले की मालकाला विचारून निर्णय घ्या, परस्पर बंद करू नका. विंडोज ८ पासूनचे फास्ट स्टार्टअपही असेच. बंद करताना ते कर्नलची स्थिती हायबरनेशन फाइलीत लिहून ठेवते. रीस्टार्ट चटकन होतो आणि शटडाऊनच रेंगाळतो असे दिसले तर आधी तिथे बघा. शिफ्ट दाबून शटडाऊन केले की फरक लगेच कळतो.

हे सगळे एवढ्या तपशिलात लिहायचे कारण पावसाळा. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून चिंचणीजवळ उभे आहे, चिंचणीच्याच तालुक्यात डहाणूला ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे, आणि तरी वादळी पावसात झाड तारेवर पडले की गावातली लाइट जाते ती जाते. (वीज कुठे तयार होते याचा आणि आपल्या घरात ती टिकण्याचा काही संबंध नसतो, हे किनाऱ्यावरच्या माणसाला शिकवावे लागत नाही.) त्या वेळी मशीन यूपीएसवर असते. ६०० व्हीएचा यूपीएस, आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी. नवी असताना ती मशीन बंद करायला पुरेसा वेळ देते. उकाड्यात दोन-तीन वर्षे काढलेली बॅटरी कधी तीन मिनिटांत बसते, कधी त्याआधीच. आता त्या सहा मिनिटांच्या शटडाऊनचा हिशेब करा. गिऱ्हाईकाने सगळे नियमाने केले, लाइट जाताच शटडाऊन दिले, तरी त्याचे मशीन अर्ध्या लिखाणात मरते. दोष तो स्वतःला देतो, किंवा विजेला.

म्हणून यूपीएस तपासताना नुसता बीप ऐकून 'चालतो' म्हणू नका. गिऱ्हाईकाची कामे सेव्ह करून घ्या आणि बॅकअप हातात ठेवा. मग मॉनिटर आणि मशीन जोडून, विंडोज सुरू न करता, बायोसच्या पडद्यावर थांबवून मेन्स काढा आणि बॅटरी किती टिकते ते घड्याळावर मोजा. तो वेळ शटडाऊनच्या वेळेच्या दुपटीहून कमी असेल तर बॅटरी बदलायला सांगा. सिस्टिमच्या नोंदवहीत ४१ आणि ६००८ हे इव्हेंट किती वेळा आले तेही पाहा. स्मार्टमधला १९२, म्हणजे अचानक वीज गेल्याने हेड मागे घेतल्याची मोजणी, १२ क्रमांकाच्या एकूण चालू-बंद मोजणीशी ताडून बघा. काही कंपन्यांच्या डिस्क साधे बंद होणेही १९२ मध्ये धरतात, म्हणून एकट्या त्याच्यावर निकाल देऊ नका. पण दोन्ही नोंदी एकच सांगत असतील तर स्विच कोण पाडतो आहे ते गिऱ्हाईकाला शांतपणे विचारा.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशी मशीन आपल्याकडे आता जास्तच येणार, कारण ज्यांना बदलणे परवडत नाही किंवा डोंगलमुळे शक्य नाही, ते ती चालवतच राहतील. इंटरनेटची गरज नसेल तर केबल काढून ठेवा, अँटिव्हायरस एकच ठेवा. चिंचणीच्या मित्राने तेच केले, डिस्कच्या जागी एसएसडी घातली, पिना साफ केल्या. मशीन आता अर्ध्या मिनिटाच्या आत बंद होते आणि आर्टकॅम होता तसाच चालतो. त्याने या कामाचे पैसे फॉरमॅटपेक्षा जास्त घेतले, ते योग्यच केले. शोध घ्यायला वेळ लागतो, त्याचे मोल मागायला लाजू नका.

एक विनंती. पुढच्या वेळी जॉबकार्ड छापायला टाकाल तेव्हा त्यात 'बंद होण्यास लागलेला वेळ' असा एक रकाना घाला. मशीन घेताना एकदा आणि परत देताना एकदा भरा, गिऱ्हाईकाची सही घ्या. त्यातल्या विचित्र केसेस आम्हाला कळवा, आम्ही त्या छापू.