दृष्टी वाचते, पण कोणाची?

मोतीबिंदू हा शब्द आज खेड्यापाड्यांतही सर्वपरिचित आहे. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, गावोगावी शिबिरे भरली आणि म्हातारपणाबरोबर अंधार यायचाच, ही समजूत पुष्कळ अंशी मोडली. हे यश निर्विवाद आहे. परंतु त्यातूनच दुसरी एक समजूत रुजली. उतारवयात दिसेनासे झाले म्हणजे मोतीबिंदूच असणार. पिकला की काढून घेऊ! ज्या विकारात थांबणे म्हणजेच दृष्टी गमावणे, तेथे ही समजूत घातक ठरते.

असा एक विकार म्हणजे डोळ्याच्या पडद्यातील शीर तुंबणे. सकाळी उठावे आणि एका डोळ्यापुढे धुके पसरलेले आढळावे. ना वेदना, ना लाली. तुंबलेल्या शिरेतून रक्त व द्रव पाझरतो. पडद्याला प्राणवायू अपुरा पडला की तेथे एक द्रव्य निर्माण होऊन हा पाझर अधिकच वाढवते. परिणामी, ज्या इवल्याशा पीतबिंदूच्या बळावर आपण अक्षर वाचतो आणि माणूस ओळखतो, त्यालाच सूज येते. उच्च रक्तदाब हे याचे प्रमुख कारण; मधुमेह, काचबिंदू आणि वाढते वय हे त्याचे साथीदार.

एकेकाळी यावर फारसा इलाज नव्हता. उपशीर तुंबली असेल तर लेसरचा उपयोग होतो, हे १९८४ साली सिद्ध झाले. मुख्य शीर तुंबली असता लेसरने दृष्टी सुधारत नाही, हे १९९५ साली कळून चुकले. त्या द्रव्याला आवर घालणारे औषध थेट डोळ्यात टोचण्याचा उपाय पुढे आला आणि चित्र पालटले. मुख्य शीर तुंबलेल्या रुग्णांवरील २०१० सालच्या चाचणीत रॅनिबिझुमॅबच्या सहा मासिक इंजेक्शनांनंतर जवळजवळ निम्म्या रुग्णांना तक्त्यावरील तीन वा अधिक ओळी जास्त वाचता येऊ लागल्या. औषधाविना हे प्रमाण सुमारे सहांत एक एवढेच होते.

मग अडते कोठे? अडते ते खर्चात आणि खेपांत. एका सुईने भागत नाही. सूज पुन्हा येते, पुन्हा टोचावे लागते. काणकोण वा सत्तरीच्या आडगावातील वृद्धाने दरमहा कोणाला तरी सोबत घेऊन, रोजगार बुडवून किती फेऱ्या माराव्यात? दोन सुयांनंतर बरे वाटले की तो थांबतो आणि मिळवलेली दृष्टी पुन्हा हातची जाते.

स्वस्त मार्ग नाही असे नव्हे. आतड्याच्या कर्करोगासाठी निघालेले बेव्हॅसिझुमॅब हे औषध मुख्य शिरेच्या विकारात महागड्या ॲफ्लिबरसेप्टहून सहा महिन्यांअखेर उणे ठरत नाही, असे २०१७ सालच्या एका अमेरिकी चाचणीत दिसले. मात्र एकाच कुपीतून अनेकांसाठी मात्रा काढताना निर्जंतुकता सांभाळावी लागते. २०१६ साली गुजरातेत काही रुग्णांच्या डोळ्यांना इजा झाल्यावर केंद्रीय औषध नियंत्रकांनी या वापराविरुद्ध इशारा दिला. नेत्रतज्ज्ञांनी बाजू मांडल्यावर तो मागे घेतला गेला. यातून घ्यायचा बोध असा, की स्वस्त औषध नाकारण्याचे कारण नाही. हयगय मात्र नाकारलीच पाहिजे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी निर्जंतुक वातावरणात या मात्रा भराव्यात. म्हापसा व मडगावच्या जिल्हा इस्पितळांत ठरलेल्या वारी त्या टोचण्याची सोय असावी आणि चुकलेल्या रुग्णाच्या घरी निरोप जावा. मोतीबिंदूसाठी सरकारने जी तत्परता दाखवली, तीच येथे हवी.

वाचकांचेही कर्तव्य आहे. रक्तदाबाची गोळी 'बरे वाटते' म्हणून सोडू नये. अधूनमधून एकेक डोळा झाकून भिंतीवरचे कालनिर्णय वाचून पाहावे, आणि अंधुक दिसल्यास त्याच आठवड्यात पडद्याची तपासणी करून घ्यावी. डोळ्यात सुई या कल्पनेनेच अंगावर शहारा येतो, हे आम्ही जाणतो. पण थेंब टाकून डोळा बधिर केल्यावर हे काम काही क्षणांचे असते. क्षणभराच्या भयापायी जन्मभराचा अंधार पत्करणे शहाणपणाचे नाही. आणि केवळ पैशापायी तो कोणावर ओढवणे हे कल्याणकारी म्हणवणाऱ्या राज्याला शोभणारे नाही.