ट्रस्टकडे येणे असेल, तर दावा नेमका कोणावर?



हा विषय ऊसविकासाच्या पानावर कशाला, असे काहीजण म्हणतील. पण शिवारफेरीत आमच्यापुढे लागणीइतकेच कागदही येतात. कुणी एखाद्या संस्थेच्या वसतिगृहाला भाजीपाला घातलेला असतो, कुणी जागा भाड्याने दिलेली असते. बिल थकते, "बघू, देऊ" यात दोन वर्षे जातात, आणि मग रागाच्या भरात नुसते ट्रस्टचे नाव घालून दावा होतो. नाहीतर ओळखीच्या एकट्या अध्यक्षालाच धरले जाते. आमच्या मते पैसे बुडायला सुरुवात इथेच होते.

आपला कारखाना सहकारी संस्था आहे. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे नोंदणी झाली की संस्थेवर तिच्याच नावाने दावा लावता येतो. देवाच्या मूर्तीलाही कायदा व्यक्ती मानतो. ट्रस्टचे तसे नाही. ट्रस्ट म्हणजे विश्वस्तांनी दुसऱ्यांच्या हितासाठी सांभाळायची मालमत्ता. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न वटलेल्या चेकच्या प्रकरणात हेच सांगितले. ट्रस्टला पक्षकार केले नाही तरी चेकवर सही करणाऱ्या विश्वस्तावर फिर्याद चालते.

मात्र यावरून वसुलीच्या दिवाणी दाव्यातही एकाला धरले की भागते, असे समजू नये. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३१ सांगतो की विश्वस्त अनेक असतील तर सर्वांना पक्षकार करावे.

नादारीची धमकीही उगाच देऊ नये. २०१६ च्या संहितेखाली मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणापुढे चालणारी कारवाई कंपन्यांसारख्या संस्थांसाठी आहे, ट्रस्ट तिच्यात बसत नाही. आणि एखादा विश्वस्त स्वतःच्या कर्जापायी नादार ठरला, तरी ट्रस्टची मालमत्ता त्याच्या सावकारांत वाटली जात नाही. हे रास्तच आहे. गावाच्या वर्गणीतून उभी राहिलेली शाळा एका माणसाच्या कर्जात जाता कामा नये. पण त्याच न्यायाने, शाळेला माल घालणाऱ्या शेतकऱ्याचे पैसेही बुडता कामा नयेत.

खरी अडचण मुदतीची. पैशाच्या वसुलीला साधारण तीन वर्षांची मुदत असते. राहिलेले नाव मागाहून घातले, तर त्या माणसापुरता दावा त्याच दिवशी लागला असे सामान्यतः धरतात. चूक प्रामाणिक होती हे न्यायालयाला पटले तरच सूट मिळते. नांग्या उशिरा भरल्या की ती रोपे मागेच राहतात, तसलाच हा प्रकार.

म्हणून व्यवहार करण्याआधीच धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ चा उतारा काढावा. त्यात विश्वस्तांची नावे असतात. बदल अर्ज पडून आहे का, तेही विचारावे, कारण कागदावरचे विश्वस्त आणि खुर्चीवरचे विश्वस्त पुष्कळदा वेगळे असतात. संस्था १८६० च्या कायद्याखालीही नोंदलेली असेल, तर दावा कुणाच्या नावे लावायचा हे तिच्या नियमावलीत पाहावे. माल घातल्याची पोच सही-शिक्क्यानिशी घ्यावी.

आमची कारखान्यालाही विनंती आहे. माती परीक्षणाचे नमुने गट ऑफिसात स्वीकारतो, तसे असे उतारे काढून देण्याचे कामही तिथे व्हावे. वकिलाकडे जावे लागेलच, पण सभासदाने हात हलवीत जाऊ नये.