हस्ते कोण?

मंडळी, जुन्या पावतीपुस्तकात एक छोटीशी ओळ असायची, आठवते का? वर "श्री. अमुक यांजकडून" आणि खाली "हस्ते". पैसे कोणाचे ते वर, आणून कोणी दिले ते खाली. मोंढ्यातल्या आडत्याची वही घ्या, गणपतीची वर्गणी घ्या नाहीतर आमच्या शाळेची फी, ही ओळ ठरलेली. निरक्षर माणसाचा अंगठा घेतला तरी "निशाणी डावा अंगठा" असं लिहून लिहिणाऱ्याने "दस्तुर" म्हणून आपलं नाव खाली घालायचं. दोन माणसं, दोन नावं, दोन जबाबदाऱ्या.

संगणक आला आणि ही ओळ आपण पुसून टाकली. माझं भांडण संगणकाशी नाही, या पुसण्याशी आहे.

आपल्याच जालना जिल्ह्याचं घ्या. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतल्या अतिवृष्टी अनुदानाचा घोटाळा २०२५ मध्ये उघडकीला आला. अनुदान २०२२ ते २०२४ या काळातलं, आणि रक्कम चोवीस कोटींच्या पुढे! तलाठी निलंबित झाले, गुन्हा दाखल झाला. दोषी कोण ते न्यायालय ठरवील, तो माझा विषय नाही. माझा विषय त्यातला एकच आरोप आहे. यादी मंजूर करण्याचं तहसीलदारांचं लॉगिन आणि पासवर्ड भलतेच लोक वापरत होते, असा तो आरोप.

आता गंमत बघा. शेतात पंचनामा करायला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघे लागतात, तिघांच्या सह्या लागतात. आणि कोट्यवधींची यादी मंजूर करायला एक पासवर्ड पुरतो. तो कोणी टाकला, हे यंत्राला ठाऊकच नाही. त्याच्या लेखी पासवर्ड म्हणजेच तहसीलदार.

पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या भाच्याला मी फोनवर म्हटलं, तुमच्या शास्त्रात याला काही उपाय नाही का रे? तो हसला. म्हणाला, "मामा, उपाय वीस वर्षांपूर्वीचा आहे." वेब सेवा, म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याकडे काम मागायची पद्धत. तिच्या सुरक्षेचं डब्ल्यूएस-सिक्युरिटी नावाचं मानक ओॲसिस या संस्थेने २००४ मध्ये मंजूर केलं. त्यात निरोपासोबत एकाहून अधिक ओळखचिठ्ठ्या जोडता येतात. ते त्यांना टोकन म्हणतात. काम ज्याच्या नावाने मागितलंय त्याची एक, निरोप आणणाऱ्याची दुसरी. घेणाऱ्या यंत्राला आधीच सांगून ठेवायचं, की यातली कोणती चिठ्ठी खऱ्या मागणाऱ्याची समजायची, आणि कोणत्या मध्यस्थाने आणली तरच विश्वास ठेवायचा.

मी म्हटलं, अरे, ही तर आमची "हस्ते"ची ओळ!

यावर एक सरकारी खात्यातले स्नेही मला म्हणाले, "सर, तहसीलदाराला निवडणुका, टंचाई, मोर्चे, हजार कामं. प्रत्येक बटण त्यानेच दाबायचं का?" मुळीच नाही. कारकुनाने दाबावं, पण स्वतःच्या लॉगिनने, आणि "तहसीलदारांच्या वतीने" अशी नोंद होऊन. अधिकार दुसऱ्याला देता येतो, ओळख देता येत नाही. शिवाय यात सर्वांत जास्त संरक्षण प्रामाणिक माणसालाच आहे. उद्या बालंट आलं तर "हे मी केलं नाही" असं तो कशाच्या आधारावर सांगणार?

हे जमण्यासारखं नाही असंही नाही. आम्हा पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यासाठी २०१४ पासून "जीवन प्रमाण" आहे. त्यात आधी ऑपरेटरची ओळख पटवतात, मग पेन्शनरची. पेन्शनर जिवंत आहे हे सांगायला दोन ओळखी लागतात, आणि तिजोरी उघडायला एक!

आता थोडं स्वतःकडे. गेल्या वर्षी मी इथे जुन्या जालन्यातच एका सेवा केंद्रावर दाखल्यासाठी गेलो होतो. चालवणारा माझाच जुना विद्यार्थी. "सर, ओटीपी सांगा." मी दहा माणसांत खणखणीत आवाजात सांगितला, पाढे म्हणून घ्यायचो तसा. अर्ज "मी स्वतः" भरल्याची नोंद झाली. मी तर खुर्चीवर बसून चहा पीत होतो! पोरगा सज्जन, काही बिघडलं नाही. पण बिघडलं असतं तर कागदावर नाव माझंच होतं. बँकेच्या बाबतीत तर रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्टच म्हटलं होतं, की ग्राहकाने गुप्त माहिती दुसऱ्याला दिली, तर तो बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. सरकारी संकेतस्थळावरच्या प्रत्येक मंजुरीत आणि सेवा केंद्रातल्या प्रत्येक अर्जावर दोन रकाने हवेत, कोणाच्या नावे आणि कोणाच्या हस्ते. दुसरा रकाना रिकामा असेल तर अर्ज पुढे सरकताच कामा नये. आणि साहेबाचा पासवर्ड टेबलाच्या काचेखाली सापडला, तर आधी साहेबाला विचारावं.

घरच्या मंडळींनाही सांगून ठेवतो. यापुढे माझा ओटीपी मीच टाकणार. बोटं थरथरतात, वेळ लागेल. रांगेतल्यांनी चिडू नये.